पंचफुला भाव चढायची वाट पाहत राहिली

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी सुपात तूर घेऊन बसले होते. ज्योती ही पंचफुलाची सून. दोन गल्ल्या सोडून घर आहे, काही असलं की स्वतःच येते, आणि त्या दिवशी तिनं फोन केला. म्हणून मी आधी सूप खाली ठेवलं आणि मग फोन कानाला लावला. "मावशी, आई मेसमधी पडल्या. दवाखान्यात नेलं, पण..." खरं सांगते, मला रडू आलं नाही. मला राग आला. इतका राग आला की मी रिकाम्या घरात मोठ्यानं बोलले, आता घे म्हणावं पेन्शन.

लोक म्हणतील, गेलेल्या माणसावर असं कोण रागावतं. पण पंचफुला गेल्याला आता महिना होत आला, तरी माझा राग काही उतरत नाही. तिला साठ पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते. त्या साठीसाठी ती थांबली होती. अठ्ठावन्नलाच पीएफची पूर्ण पेन्शन तिच्या दारात उभी होती, आणि हिनं तिला सांगितलं की तू अजून थोडी बाहेरच थांब.

आमची ओळख सूतगिरणीतली. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, आधीपासून वाइंडिंगला होते. लहान बॉबिनीवरचं सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचं आणि धागा तुटला की चटकन गाठ मारायची, हे आमचं काम. आठ तास उभ्यानं. ती पहिल्या दिवशी आली ती जयभीम म्हणून माझ्याच बाजूला उभी राहिली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या दोन्ही हातांच्या बोटांतून रक्त. सूत बोट कापतं, हे बाहेरच्याला खरं वाटत नाही. मी तिला बोटाला चिंधी बांधायला शिकवलं, गाठ शिकवली. पुढं ती माझ्याहून जलद झाली, आणि मला म्हणायची, "विमल, तू गाठ मारतं का वेणी घालतं व?" मी मोठी असून ती मला कधी ताई म्हणाली नाही. विमलच. नवरा तिचा तरुणपणीच गेला. एक लेक पदरात. पण रडगाणं गाताना मी तिला पाहिली नाही. जेवताना डब्यातली चांगली भाजी मात्र शेवटच्या घासासाठी राखून ठेवायची. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, ही बाई कशी आहे ते.

मग गिरणी बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणता म्हणता फाटकातून बाभळी उगवल्या. माझी पन्नाशी उलटली होती आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. कोणीतरी सांगितलं की पन्नाशीनंतर पेन्शन सुरू करता येते, फक्त जितकी वर्षं आधी घ्याल तितकी ती कापून मिळते, आणि कापली ती जन्मभर कापलेलीच. मी घेतली. दुसरा रस्ताच नव्हता. पंचफुलाला तेव्हा वेळ होता. तिनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ओला कापूस इकला व तू," म्हणाली. "वाळू तरी द्याचा." हे वाक्य तिनं मला पुढं किती वर्षं ऐकवलं असेल, त्याची गणतीच नाही. माझी पेन्शन जमा झाली की मी जिलेबी आणायची, आणि ती खाता खाता म्हणायची, ओल्या कापसाची जिलेबी आहे, पण गोड आहे.

हे कापसाचं तिच्या डोक्यात कुठून आलं, तेही सांगते. तिचं माहेर नेरकडचं. बापाची थोडी शेती, सगळा कापूस. आमच्याकडं वेचणी झाली की ज्याला निकड असते तो लगेच गाडी भरतो आणि ज्याला दम असतो तो कापूस घरातच ठेवतो, भाव चढेपर्यंत. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. माणसं ओसरीत झोपतात, अंगाला खाज सुटते, चूल अंगणात जाते, घरात विडी पेटवायची कोणाची हिंमत नाही. पंचफुला लहान असताना एका साली तिच्या बापानं असाच कापूस धरून ठेवला. सगळ्या गावानं विकला, यानं नाही विकला. होळी गेली तरी नाही. आणि मग भाव असा चढला की त्या पैशात घरावर टिना आल्या, थोरलीचं लग्न झालं, आणि पंचफुलाला पायात चप्पल मिळाली. ती चप्पल ती मला हातानं मापून दाखवायची, एवढीशी, लाल पट्ट्याची. अंगाला खाजवत खाजवत अख्खा हिवाळा काढला त्याची ती चप्पल, असं म्हणायची. थांबलेल्याला मिळतं, हे ती त्या चपलेवरून शिकली होती, ते काही केल्या तिच्या पायातून निघालं नाही.

गिरणीनंतर ती मुलांच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. लेक पांढरकवड्याकडं ट्रकवर, हायवेला लागला की आठ-आठ दिवस पत्ता नाही. पैसे द्यायचा, पण ते मागायला हिला आवडायचं नाही. पहाटे चारला उठून जायची. तिथंही उभं राहणंच. पन्नाशी गाठली तेव्हा गुडघे बोलायला लागले होते. मी म्हटलं, आता घे, कापून मिळेल तर मिळेल, पण बस. नाही म्हणाली. अठ्ठावन्नला पूर्ण मिळते, तेव्हा बसते. मला म्हणाली, मले काई लय नाई पाह्यजे, सकाळी अंगणात पाय लांब करून बसाचं आन् गरम चहा प्याचा, बस. मेसला सुट्टी नसायची, मुलं रविवारीही जेवतात. घर तिनं गिरणीच्या पैशात बांधलं, अंगणही राखलं, पण पहाटे निघून दुपारी यायची, त्यामुळं सकाळचं अंगण तिनं धड पाहिलंच नव्हतं. एकदा भाकरी थापता थापता तिनं मला विचारलं, "विमल, माह्या अंगणात सकाळी ऊन कुठलोक येते व?" मी हसले. म्हटलं, पेन्शन घे आन् कुठपर्यंत येते ते सोताच पाह्य. तेवढं बोलून विषय संपला.

तर अशी तिची अठ्ठावन्न भरली. मी तिच्यापेक्षा जास्त खूश. नवी साडी नेसून दोघी पीएफच्या ऑफिसला गेलो. खिडकीतल्या माणसानं कागद पाहिले, सगळं बरोबर आहे म्हणाला. आणि मग, काय गरज होती देव जाणे, म्हणाला की आत्ता घ्या, नाहीतर साठपर्यंत थांबता येतं, थांबलात तर वर्षामागे थोडी वाढवून मिळेल. त्या माणसाची चूक नाही. नियम आहे, त्यानं नियम सांगितला. पण मी पंचफुलाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लाल पट्ट्याची चप्पल दिसत होती मला. तिनं कागद पिशवीत परत घातले, नीट घड्या करून.

बाहेर रसवंतीवर बसून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, तुले गुडघ्यानं जिना चढवत नाई, अजून दोन वर्सं उभी राह्यणार? ती म्हणे, दोन वर्सं काय असते, गिरणीत वीस काढले. मी म्हटलं, आणि दोन वर्षांची पेन्शन जाते ती? ती म्हणाली, हातपाय चालते तोवर कमवून राह्यली न मी, मंग वाढीव भेटेल, मरेलोक भेटेल. मी म्हटलं, कवा मरतं ते तुले मालूम हाय का? यावर ती जराही चिडली नाही. उसाच्या रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाली, "विमल, सारी जिंदगी आपुन मातीमोल इकलं व. मेहनत इकली, हात इकले. एक गोष्ट तरी मले पुऱ्या भावानं इकू दे." मी रस संपवला. तिनं तिचा अर्धा ठेवला होता, शेवटी प्यायला, आणि तोवर त्यात माशी पडली. मी ते तिला बोलून दाखवलं. ती इतकी हसली की रसवाला वळून बघायला लागला.

दरवर्षी नोव्हेंबरात मला जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. सेंटरवर जायचं, मशीनवर अंगठा ठेवायचा, मशीननं ओळखलं की आपण जिवंत. पण आम्हा गिरणीवाल्या बायांचे अंगठे सुतानं गुळगुळीत केलेले. मशीन ओळखतच नाही. पहिल्या वर्षी मी तिथं घाबरून गेले होते, आपण नाहीच असं मशीन म्हणतं की काय. पंचफुला सोबत होती. तिनं पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, माझा अंगठा आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि पिठाचा गोळा मळावा तसा मळायला लागली. बराच वेळ. मग पदरानं पुसून म्हणाली, आता ठेव. लागला. तेव्हापासून दर नोव्हेंबरला ती मेसची दुपार चुकवून यायची, तेवढ्या कामासाठी. येताना विचारायची, काहून व, जित्ती हायस का, चाल सांगून येऊ. आणि गेल्या वर्षी माझा अंगठा मळता मळता म्हणाली, माही पेन्शन लागली का माह्या अंगठ्याले तू तेल लावजो, माह्या तर पोळ्यांनी राह्यल्या त्याही रेघा गेल्या.

तिच्या आठवणीच्या पुण्यानुमोदनाला विहारात तिचा मोठा भाऊ आला होता, नामदेवदादा. थकलेला, काठी टेकत आलेला. कार्यक्रम झाल्यावर भिंतीशी टेकून बसलो होतो, तर मी तो कापसाचा विषय काढला. म्हटलं, दादा, तुमच्या बाबांच्या त्या एका कापसानं माझी मैत्रीण नेली. त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "बाई, ते एकच साल होतं. त्याच्यानंतर बाबानं दर साली कापूस धरला आन् दर साली भाव पडला. दोन डाव तं उंदरानं खाल्ला. पंची लहान होती, मंग लगन होऊन गेली. तिले चप्पलच याद राह्यली." इतकी वर्षं ती मला ही गोष्ट सांगत होती आणि गोष्टीचा पुढचा भाग तिला कोणी सांगितलाच नव्हता... किंवा सांगितला असेल, तिनं घेतला नसेल.

आता लोक येतात आणि समजावतात. एक नातलग म्हणाला, तसा तिचा हिशोब चुकला नव्हता, नव्वदीपर्यंत जगली असती तर फायद्यातच होती. हेच तर मला सहन होत नाही. हिशोब बरोबर होता. कोणालाही विचारा, बरोबर होता. पण ती होती ना चार वाजता उठणारी, गुडघ्याला फडकं बांधून तव्यासमोर उभी राहणारी. ते कोणत्या रकान्यात लिहायचं? ज्योती आणि तिचा नवरा ऑफिसला जाऊन आले. काही मिळेल, काही मिळणार नाही, अमुक कागद आणा, तमुक आणा, असं काहीतरी सांगितलंय. मिळो बापडं. पोरांना मिळेल त्यानं माझं समाधान होत नाही. पेन्शन घेऊन बसायचं तिला होतं.

परवा मी एकटीच सेंटरवर गेले. अंगठा लागला नाही. खिडकीतली बाई चांगली होती. आजी, घासून या, थोडं तेल लावून या, घाई नाही म्हणाली. मी दुसऱ्या हातानं अंगठा चोळून पाहिला, पण स्वतःचा अंगठा स्वतःला तसा मळता येत नाही. परत निघाले. येताना पंचफुलाचं घर लागतं. ज्योतीनं हाक मारली, चहा घ्या मावशी. म्हटलं, तेलाची बाटली आण आधी. पायरीवर बसले आणि पाय लांब केले. ज्योती बाजूला बसून अंगठा चोळायला लागली, सासूसारखं जमत नव्हतं तिला, पण चोळत होती. सकाळचे दहा वाजले असतील. चहा आला, मी तो गरमच प्यायले. आणि मग मी त्या अंगणाकडं नीट पाहिलं. ऊन पायरीवरून उतरून, न्हाणीच्या कडेनं, धुण्याच्या दगडापर्यंत गेलं होतं. दगड अर्धा उजेडात, अर्धा सावलीत. थोडा वेळ मी तिथंच पाहत बसले, अजून पुढं सरकतं का म्हणून. नाही सरकलं.

दगडापर्यंत येतं व, पंचफुला. दगडापर्यंत येतं.