नवरीच्या गाडीचं पातळ

परतवाड्याच्या आमच्या गल्लीत चारचाकी एकच होती, रजियाबीची व्हॅन. नवरा रऊफभाई कमरेखाली अधू झाला, तेव्हा त्याला अमरावतीच्या दवाखान्यात न्यायला तिनं ती जुनी व्हॅन घेतली आणि मागच्या सीटवर गादी टाकली. खच्चून भरलेल्या काळीपिवळी जीपमध्ये त्या माणसाला बसवणं शक्यच नव्हतं. गाडी त्यांचा मुलगा शाकीब चालवायचा.

त्या वर्षांत कापसानं सगळ्यांना रडवलं होतं. लग्नं काही थांबत नव्हती, पण बस ठरवणं कुणाला झेपत नव्हतं. मग वऱ्हाडं मागून आणलेल्या गाड्यांतून निघायची. रजियाबी कुणाला नाही म्हणत नसे, पण किल्लीच्या आधी तिचा हात पुढे यायचा. "लायसन दाखव." सख्ख्या भाच्यालाही लायसन नाही म्हणून तिनं दारातून परत पाठवलं होतं. आम्ही हसायचो, तिला फौजदारीण म्हणायचो. पण तिनं एजंटाला विचारून दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या होत्या. गाडी दुसऱ्यानं चालवली तरी विमा चालतो, फक्त त्याच्याजवळ लायसन पाहिजे. आणि घरची गाडी भाड्यानं दिली की विमा गेला.

समोरच्या खुशालराव-दुर्गाबाईंच्या आकांक्षाचं लग्न अकोल्याला होतं. त्यांच्या पुतण्यानं, कुलदीपनं, लायसन दाखवलं आणि किल्ली घेतली. नवरी रजियाबीच्याच गाडीतून गेली. परतताना दर्यापूरजवळ रोही आडवा आला. त्या जनावराला वाचवायला कुलदीपनं गाडी वळवली, ती थेट बाभळीवर. त्याचं कपाळ फुटलं, बाकीचे बचावले. व्हॅनचं तोंड मात्र पार आत गेलं.

विमा कंपनीचा साहेब चौकशीला आला. लायसन पाहून त्यानं मान डोलावली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी दिली, त्याबद्दल काही मिळालं?"

"भेटलं ना! पातळ भेटलं," रजियाबी खुशीत म्हणाली.

आमच्या भागातली रीतच ती. ज्या घरच्या गाडीतून नवरी जाते, त्या घरच्या बाईला नवं पातळ नेसायला द्यायचं. साहेब कुठला होता कोण जाणे! त्यानं लिहून टाकलं, मोबदला घेऊन गाडी दिली, क्लेम नामंजूर. मला तर असा संताप आला!

रऊफभाईची दवाखान्याची तारीख तोंडावर आली होती. शाकीब आईला म्हणाला, "अम्मी, सांगून दे ना, काहीच नाई भेटलं."

"दुर्गाबाईनं मायेनं देल्लेलं पातळ, अन् मी नाई भेटलं म्हणू? खोटं काहून बोलू?"

संध्याकाळी खुशालराव आले. रुमालात गुंडाळलेल्या नोटा त्यांनी तिच्यापुढे ठेवल्या. "भाभी, दुरुस्तीचे घ्या. आमच्या हातून गाडी गेली."

तिला पैसे नको होते असं कोण म्हणेल? आतल्या खोलीतून नवऱ्याचं कण्हणं ऐकू येत होतं. पण ती रुमालाला शिवली नाही.

"भाऊ, हे घेतले तं तो साहेब खरा ठरते. उचला."

मग तिनं अमरावतीच्या ऑफिसाचा उंबरठा झिजवला. आज साहेब नाहीत, उद्या या, फाईल वर गेली आहे. तरी रजियाबी जातच राहिली. बाकावरची माणसं बदलायची, ही आपली तिथंच. शेवटी मोठ्या साहेबांनी आत बोलावलं, तेव्हा आकांक्षाची आई दुर्गाबाई एसटीनं मुद्दाम तिच्यासोबत गेली होती.

"पातळ म्हणजे मोबदलाच झाला की, बाई," साहेब म्हणाले.

दुर्गाबाई उठून उभीच राहिली. "पातळाचं ठेवा बाजूले. ह्या बाईनं माह्या पोरीले काय देल्लं ते इचारा! चांदीचे पैंजण घातले तिच्या पायात. भाड्यानं गाडी देणारं माणूस नवरीले आहेर करते का, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढला आणि रजियाबीकडे पाहिलं. "अहो, मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमच्या माणसानं काय भेटलं ते इचारलं," रजियाबी म्हणाली. "काय देल्लं ते कुठी इचारलं?"

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी आकांक्षाचा जबाब मागवला, पुन्हा चौकशी लावली आणि क्लेम पास झाला. व्हॅन दुरुस्त होऊन आली, तेव्हा रऊफभाईला उचलून गादीवर ठेवायला अख्खी गल्ली जमली होती.

पुढच्या हंगामात गल्लीतल्याच जानरावांच्या घरी लग्न निघालं. आता रजियाबी गाडी देणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. तिनं लायसन पाहिलं आणि किल्ली दिली. लग्न उरकून जानराव व्हॅन धुऊन घेऊन आले. किल्ली तिच्या हातात देऊन, मागचा प्रकार आठवून, रिकाम्या हातांनीच लगबगीनं वळले.

"ओ जानराव!" रजियाबी दारातून ओरडली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. "नवरी माह्या गाडीतून गेली ना? मंग माह्यं पातळ कुठी हाय?"