आत्यांचं यंत्र बंद पडलं नाही

आत्यांना ऑफिसातही सगळे आत्याच म्हणत. घरात भाच्यांनी पाडलेलं नाव फोनवरून कधीतरी तिकडे ऐकू गेलं आणि चिकटलं ते कायमचं. "मॅडम" म्हणून कुणी हाक मारली तर त्या मान वर करत नसत; "आत्या, जरा बघता का?" म्हटलं की खुर्चीसकट वळत. लग्न केलं नाही, धाकट्या भावाच्या घरी राहिल्या, आणि केस पिकेपर्यंत एकच काम धरून बसल्या. संगणकाची कार्यप्रणाली. पहिल्या ओळीपासून स्वतःच्या माणसांनी लिहिलेली, आपल्या भाषेत बोलणारी.

भावजयीने एकदा विचारलं होतं, "वन्सं, पण ही कार्यप्रणाली करते काय?"

"तू घरात दिवसभर जे करतेस ते. शेगडी एक, भांडी चार, आधी काय चढवायचं? कुणाला काय लागणार, कोण कुठे बसणार? सगळ्यांना वाटतं, घर आपोआप चालतं."

"म्हणजे तुमच्याही कामाकडे कुणाचं लक्ष जायचं नाही."

"जाईल की. बिघडलं की लगेच जाईल!"

आणि तसंच झालं. एका सोमवारी साहेबांनी तिघांना आत बोलावलं. आत्या, त्यांच्या हाताखालचा दाढीवाला आणि चष्मेवाली. वरच्यांनी बाहेरची तयार प्रणाली घ्यायचं ठरवलं होतं. हे काम इथेच थांबणार, शुक्रवारी संध्याकाळी यंत्रं परत जाणार. साहेबांनी सूचनेचा कागद पुढे सरकवला. आत्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, यात एक शब्द चुकलाय."

"कोणता?"

"'प्रणाली सलग चालत नसल्याने प्रकल्प बंद पडला.' यातला 'पडला'. बंद पडतं ते भिंतीवरचं घड्याळ. हा प्रकल्प तुम्ही बंद केलात. करा, तुमचा अधिकार आहे. पण पडला म्हणू नका."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर आत्यांनीच जुळवून दिलेला संगणक होता. पण तोही खोटं लिहिणाऱ्यातला नव्हता. "आत्या, दुपारपर्यंत तुमचं यंत्र गपकन थांबतं, हे मी स्वतः पाहिलंय. मग पडला नाही तर काय म्हणू?"

ते खरं होतं. कितीही शोधलं तरी कारण सापडत नव्हतं.

"असं करा," साहेब म्हणाले, "शुक्रवारी ऑफिस उघडल्यापासून सुटेपर्यंत सलग चालवून दाखवा. खरं काम करून, नुसतं दिवे लावून नव्हे. चाललं तर शब्द बदलतो."

बाहेर आल्यावर दाढीवाला म्हणाला, "आत्या, नोकऱ्या शोधायच्या सोडून एका क्रियापदासाठी भांडलात?"

"अरे, आपण आजवर दुसऱ्या कशासाठी भांडलोय?" आत्या म्हणाल्या, आणि उदास बसलेली चष्मेवाली फिसकन हसली.

कारण या प्रणालीचं सगळ्यात मोठं भांडण क्रियापदाचंच होतं. यंत्राने फाइल उघडताना काय म्हणायचं, "उघडतो" की "उघडते"? दाढीवाल्याने आपल्या भागात सगळीकडे "उघडतो, शोधतो, थांबतो" लिहिलं. चष्मेवालीने आपल्या भागात "छापते, पाठवते, पुसते". पहिल्यांदा सगळं जोडलं तेव्हा यंत्र फाइल पुरुषासारखं उघडायचं आणि बाईसारखं छापायचं. पाहायला आलेले पाहुणे पोट धरून हसले होते. दोघंही मागे हटेनात. शेवटी आत्यांनी निवाडा दिला: दोन्ही वाक्यं ठेवा, वापरणाऱ्याला विचारा. ज्याला दादा हवा त्याला दादा, ज्याला ताई हवी त्याला ताई. भांडण मिटलं, दोघांनी मिळून ते काम एका दुपारीत उरकलं, आणि पुन्हा कुणी तिकडे वळून पाहिलं नाही.

बुधवारी आत्यांनी रजा टाकली आणि छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन सकाळीच खिडकीशी बसल्या. त्यांची रीत होती, अडलं की सगळा प्रोग्राम बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. भावजय देवापुढचा दिवा लावून आली आणि भाजी निवडत शेजारी टेकली.

"दुकान बंद झालं, तरी हिची झाडलोट चालूच," भाऊ बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"अहो, गप्प बसा," भावजय म्हणाली. "पोथी वाचणाऱ्याला मध्ये टोकू नये."

भाऊ हसत कामाला गेला. आत्या वाचत राहिल्या. प्रत्येक काम यंत्राच्या स्मृतीत आधी जागा घेई, संपलं की ती परत देई. जागा घेतली, काम केलं, जागा परत. जागा घेतली, काम केलं, जागा परत. त्यालाही एक ताल होता. संदेशांचा भाग आला. "जागा घेतली. जागा घेतली. दाखवलं. जागा परत." आत्यांची जीभ अडखळली. पुन्हा वाचलं. पुन्हा अडखळली.

"मेलं!" त्या ओरडल्या. भावजयीच्या हातातली जुडी खाली पडली.

"काय झालं हो?"

"अगं, दादासाठी एक वाक्य तयार होतं, ताईसाठी एक. दोघांनाही जागा दिली जाते. दाखवतो आपण एकच, आणि जागाही एकाचीच परत घेतो. दुसऱ्याची तशीच अडकते. प्रत्येक संदेशाला!"

"म्हणजे शेजारणीने दोन पातेली न्यायची आणि एकच परत आणून द्यायचं."

"हो, आणि तेही दिवसभर. मग दुपारी आपल्याकडे चहाला भांडं उरेल का?"

भावजयीने देवाकडे बघून हात जोडले. आत्यांनी चहा मागितला, पण तो यायच्या आत चपला घातल्या होत्या.

ऑफिसात ती ओळ दाखवली तेव्हा दाढीवाला चष्मेवालीकडे आणि चष्मेवाली दाढीवाल्याकडे बघू लागली. "ते काम तुझं होतं," दोघंही एकदमच म्हणाले. "दोघांचंही होतं," आत्या म्हणाल्या, "आणि निवाडा माझा होता. आता लिहा, परतीची दुसरी ओळ."

शुक्रवारी साहेबांच्या समोर यंत्र सुरू झालं. खरं काम करायचं होतं. पण प्रकल्पच उरला नव्हता, तर काम आणायचं कुठून? चष्मेवालीच म्हणाली, "माझा नोकरीचा अर्ज लिहायचाय." मग काय, तिघांनी आळीपाळीने बसून अर्ज लिहिले, दुरुस्त केले, जपून ठेवले, पुन्हा उघडले, छापले. दाढीवाल्याने तर यंत्राला खास ताई होऊन बोलायला लावलं होतं. "अर्ज शोधते," यंत्र म्हणे, आणि तो "शोधा, ताई, शोधा" म्हणून मान डोलवी. चष्मेवालीने अर्जात "बंद पडलेल्या प्रकल्पात काम केले" असं लिहिलं होतं. आत्यांनी मागून वाचलं आणि तिच्या खुर्चीला हलकी लाथ मारली.

जेवण झालं. हीच यंत्र थांबायची वेळ. चष्मेवाली एक एक कळ अशी दाबत होती, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतेय. आत्या उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसेनात. अर्ज उघडला. मिटला. पुन्हा उघडला. दुपार कलली, बाहेर टेबलं आवरल्याचे आवाज येऊ लागले, तरी यंत्र आपलं शांतपणे म्हणत होतं, "छापते."

सुटायच्या वेळेला साहेब आले. यंत्रं न्यायला आलेली दोन माणसं दारात ताटकळली होती. साहेबांनी चष्मेवालीला उठवलं, स्वतः तिच्या खुर्चीत बसले आणि त्याच यंत्रावर सूचना नव्याने लिहिली. "प्रकल्प बंद करण्यात आला." मग कुणी न सांगता पुढे आणखी एक वाक्य घातलं: "प्रणाली शेवटच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग, उत्तम चालली."

"'उत्तम' मी सांगितलं नव्हतं," आत्या म्हणाल्या.

"मी कुठे तुमचं ऐकून लिहिलं?" साहेब म्हणाले.

कागद छापून बाहेर आला. आत्यांनी यंत्र स्वतःच्या हाताने बंद केलं, वायरी गुंडाळल्या आणि त्या दोन माणसांना बजावलं, "धरा नीट. आपटू नका."

त्या घरी आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण मान ताठ होती. भावजयीने गरम चहा पुढे ठेवला. भावाने तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

पुढच्या आठवड्यात जिन्यावर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भावाला भेटले. "तुमच्या बहिणीचं ते काम बंद पडलं म्हणे? वाईट झालं."

भाऊ दोन पायऱ्या उतरला होता, तो परत वर चढला.

"पडलं नाही हो," तो म्हणाला. "चालू होतं. चालू असताना त्यांनी बंद केलं. आधी तिने चालवून दाखवलं, मग केलं!"

आणि हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं, की आत खिडकीशी बसलेल्या आत्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला.