अक्कांच्या स्वयंपाकघरापर्यंतची वायर

"पावणं, तुम्ही बसता कुठं, ते सांगा की!"

घरात शिरल्यावर त्याचा पहिला प्रश्न हाच. इंटरनेट चालत नाही म्हणून बोलवावं, तर हा राउटरकडे ढुंकूनही पाहायचा नाही. आधी माणसाची बसायची जागा बघायचा. गडमुडशिंगीहून मोटारसायकलवर यायचा. खांद्यावर वायरीचं वेटोळं आणि ओठ पार झाकून टाकणारी झुबकेदार मिशी. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल, बोलणं मोठ्यानं आणि काम चोख.

आमच्या शेजारच्या अक्कांना ऐकू येणं बंद झालं होतं. लेक परदेशात. व्हिडिओ कॉलवर तिचे ओठ वाचून अक्का बोलायच्या. पण चित्र सारखं अडकायचं, ओठ अर्ध्यावर थांबायचे. "तिला माझा कंटाळा आलाय, तोंड मिटून बसती," असं त्या म्हणू लागल्या. जास्त स्पीडचा प्लॅन घ्या, असं आम्ही सगळ्यांनी सुचवलं. त्यांनी घेतला. फरक काहीच पडला नाही.

मग मी त्याला बोलावलं. त्यानं राउटरला वायर जोडून लॅपटॉपवर स्पीड मोजला. पूर्ण होता. वायर काढून अक्कांच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून मोजला, तर दहावा हिस्साही नाही.

"येणारं बराबर येतंय. पर राउटर लोखंडी कपाटामागं, मधी दोन भिंती. प्लॅन वाढवून काय व्हणार?"

अक्का गोंधळून माझ्याकडे पाहत राहिल्या. मिशीमागचे ओठ त्यांना दिसतच नव्हते. शेवटी मी कागदावर लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, तेव्हा मी ओळखलंच नाही. मिशी चांगलीच कातरलेली.

"बघताय काय, पावणं? मिशी काय, येतीया परत."

त्यानं राउटर कपाटामागून काढून उंचावर लावला. स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढून तिथं वायफायची दुसरी छोटी पेटी बसवली. मग उजेडात अक्कांसमोर उभा राहून सावकाश म्हणाला, "अक्का, लावा आता फोन."

लेक दिसली. न अडकता बोलू लागली.

"रुसली न्हाईस न्हवं?" अक्कांनी विचारलं.

"आई, मी रोज बोलतच होते गं."

हल्ली तो वारणानगरकडं काम करतो. आमच्याकडं येणारा नवा माणूस राउटर बंद-चालू करतो आणि निघतो. मला मात्र तो त्या दुपारचाच आठवतो. मायलेकींकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उरलेली वायर गुंडाळत उभा. ती कधीच गुंडाळून झाली होती.