पायाखालचं बटण

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करतो. काम संपलं तरी लगेच अवजारं गोळा करायची नाहीत, ही त्याची जुनी खोड. आधी प्रत्येक मजल्यावरचं दार उघडून-मिटून बघायचं, मग वर मोटारीच्या खोलीत जाऊन खटके तपासायचे, आणि शेवटी रिकामी लिफ्ट वरखाली फिरवत नुसतं कान देऊन उभं राहायचं. घाईतला एखादा रहिवासी कुरकुरतो, की चालू झाली ना, मग सोडा की. मिस्त्री त्याला सांगतो, चालू होणं वेगळं आणि माणसं आत घालण्याजोगी होणं वेगळं. दोन शहाण्या शब्दांनंतर रहिवासी जिना चढून जातो.

असा हा माणूस एका रविवारी एक बटण बघायला विसरला.

रविवारी तो मिस्त्री नसतो. एका शाळेच्या सभागृहात तो कीबोर्ड वाजवतो आणि त्याची बायको गाते. दोघांची ओळखच मुळी चर्चच्या मंडळीच्या गायनगटात झाली. ती पहिल्या रांगेत, तो कोपऱ्यातल्या ऑर्गनवर. लग्नानंतरही ती त्याला अरे-तुरेच करत राहिली. सासूबाईंनी दोन-तीन वर्षं नाक मुरडलं आणि मग नाद सोडला.

मंडळीतून ही दोघं बाहेर पडली ती गाण्यांवरून. तिथल्या पाळकसाहेबांचा हिशेब साधा होता: ठरलेली गाणी, ठरलेली कडवी, मग उपदेश. मिस्त्रीला ते सोसत नसे. पाणी उकळीला आलं की हे गॅस बंद करतात, असं तो म्हणायचा. लोक नुकतेच कुठे विरघळायला लागलेले असतात आणि हे पुस्तक मिटतात. भांडण झालं नाही, पण गोडीगुलाबीही राहिली नाही. दोघांनी स्वतःचा बँड काढला. ड्रमवर बायकोचा धाकटा भाऊ, बेस गिटारवर एक शिंपी, ज्याची बोटं दिवसभर सुईमागे धावून रविवारी मोकळी व्हायची. कुठल्याच मंडळीच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रविवारी संध्याकाळी सभागृह उघडायचं आणि ज्याला यायचं त्याने यावं. उपदेशाला एक निवृत्त पाळक यायचे. ते थोडक्यात बोलायचे, म्हणजे त्यांच्या मानाने थोडक्यात.

लोक येऊ लागले. एकदा आलेले पुन्हा येऊ लागले. तिथे गेलं की मन हलकं होतं, असं एकमेकांना सांगू लागले.

हलकं का होतं, यातलं एक कारण मिस्त्रीच्या पायाखाली होतं. बँडमधल्या चौघांच्या कानात इअरफोन असत. कीबोर्डला लहानसा माइक लावलेला होता आणि पायाशी एक बटण. ते दाबलं की मिस्त्रीचं बोलणं फक्त त्या चौघांना ऐकू जायचं, सभागृहाला नाही. यात गैर काही नव्हतं, बँडवाले असं करतातच. सुरुवातीला तो एवढंच सांगायचा: हळू, पुन्हा ध्रुवपद, शिंपीदादा, झोपू नका.

पण मिस्त्रीची नजर कामाची होती. दोराच्या आवाजावरून कुठला भाग झिजलाय हे जो ओळखतो, त्याला समोरच्या रांगांतले चेहरे वाचायला कितीसा वेळ लागणार? हळूहळू कानातलं बोलणं बदललं. डावी बाजू थंड आहे. आता ड्रम थांबव. मागच्या बाईने रुमाल काढला, ओळ सोडू नका. आणि लोक खरोखर रडायचे, खरोखर हलके होऊन घरी जायचे. बायको डोळे मिटून गायची आणि कानात सांगितलेली ओळ पुन्हा घ्यायची. मेहुणा कधीमधी म्हणायचा, "दाजी, आज चांगलंच पाणी काढलंत." मिस्त्री हसायचा, आणि ते त्याला आवडायचंही.

फक्त पाववाला रडत नव्हता.

पाववाल्याची बेकरी चौकात आहे. त्याची मुलगी आजारपणात गेली. लग्नाच्या वयाची होती, बेकरीच्या गल्ल्यावर बसायची आणि सगळ्या गावाशी हसून बोलायची. त्यानंतर पाववाला बायकोबरोबर दर रविवारी येऊ लागला. दुसऱ्या रांगेत बसायचा, गाण्याला उभा राहायचा, संपलं की बसायचा. पाववाली एकदा मिस्त्रीच्या बायकोचा हात धरून म्हणाली होती की यांच्या डोळ्यांतून अजून टिपूस नाही, आतल्या आत दगड होऊन जातील, तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करा. बायकोने ती प्रार्थना केली. मिस्त्रीनेही केली, पण त्याच्या मनात आणखी एक गोष्ट शिरली. बंद पडलेली लिफ्ट त्याला अस्वस्थ करते. ती चालू होईपर्यंत त्याला जेवण गोड लागत नाही.

त्या रविवारी सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करणारा त्यांचा मिक्सर दुरुस्तीला गेला होता आणि दुसऱ्या एका मंडळीने आपला वापरायला दिला होता. जोडण्या मिस्त्रीने स्वतः केल्या. शाळेचा माणूस मदतीला आला तर त्याला म्हणाला, राहू द्या, माझं रोजचं काम आहे. सगळे माइक त्याने पाहिले, स्वतःचा छोटा माइक सोडून. त्यांच्या नेहमीच्या मिक्सरवर त्याचा आवाज सभागृहाच्या स्पीकरला जातच नसे. या मिक्सरवर जात होता.

तिसऱ्या गाण्यात बायकोने आवाज खाली आणला आणि दुसऱ्या रांगेत पाववाल्याचे खांदे हलले. त्याने दोन्ही तळहात तोंडावर घेतले. पाववाली नवऱ्याकडे बघतच राहिली. मिस्त्रीच्या छातीत काहीतरी उसळलं. दया होती, नाही असं नाही, पण तिच्यात विजयही मिसळलेला होता. त्याने पायाने बटण दाबलं.

"थांबू नका," चारही स्पीकरमधून त्याचा आवाज आला, स्वच्छ आणि मोठा. "पाववाला फुटला. तीच ओळ अजून एकदा."

ड्रम आधी थांबला, मग शिंप्याची तार. बायको एक शब्द पुढे गेली आणि तीही थांबली. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं. पाववाल्याने तोंडावरचे हात खाली घेतले. चेहरा ओलाच होता. तो त्याने बाहीने पुसला, नीट, जसं पीठ उडाल्यावर पुसतात तसं, आणि बायकोला घेऊन मधल्या वाटेने दाराकडे चालू लागला. सगळे वाट सोडायला सरकले, खरं तर वाट मोकळीच होती.

निवृत्त पाळक उठले. त्यांनी उपदेशाचे कागद खिशात घातले. म्हणाले, "आज आपण घरी जाऊ या." त्यांचं हे खरोखरच थोडक्यात झालं.

सामान बांधताना मिस्त्रीने दिवसाढवळ्या चोरी करताना सापडल्यासारखी वायरची वेटोळी केली. गाडीत मेहुण्याने वातावरण हलकं करायला म्हणून सुरुवात केली, की दाजी, निदान पुढे काय होणार हे लोकांना आधी कळलं. ताईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि उरलेला रस्ता तो खिडकीबाहेर बघत बसला.

त्या आठवड्यात मिस्त्रीने पाव दुसऱ्या दुकानातून आणला, चौक टाळून, बाजारामागून वळसा घेऊन. लिफ्टमध्ये शिरताना एक-दोन पोरं मोठ्याने म्हणाली, अजून एकदा, अजून एकदा. तो जिन्याने गेला. मनात मात्र एकच चक्र फिरत होतं: एक बटण बघितलं असतं तर. आपण तेवढं एक बटण बघितलं असतं तर.

बायको रक्त तपासायच्या दवाखान्यात काम करते, लोकांच्या हातातून रक्त काढते. तिने नव्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, हा पाव कुठला? त्याने सांगितलं. मग त्यानेच विषय काढला. म्हणाला, त्यात एवढं काय वाईट होतं, त्याच्या भल्याचंच होतं ना, तूसुद्धा माणसाला बोलण्यात गुंतवून सुई टोचतेसच.

"मी आधी सुई दाखवते," ती म्हणाली. "मग टोचते."

तिने पाव ताटलीत काढला, पण तोडला नाही.

"आणि तुम्हालाच का बोलू? मी इतकी वर्षं कानात ऐकत होते आणि ओळ पुन्हा घेत होते. कानात होतं तोवर मलाही चाललं."

ती 'तुम्ही' म्हणाली होती. सगळ्या संसारात ती त्याला दोन-चारदाच तसं म्हणाली असेल, आणि प्रत्येक वेळेला त्याला ते रागापेक्षा जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बेकरीत गेला. दुपारची वेळ निवडली होती, गिऱ्हाईक नसेल म्हणून, तर नेमकी शाळा सुटलेली. तो बाजूला उभा राहिला. पाववाला एकेकाला देत होता, सुट्टे परत करत होता, आणि मिस्त्रीवरून त्याची नजर अशी सरकत होती जशी भिंतीवरून सरकते. गल्ल्यावरची उंच खुर्ची रिकामी होती, तिच्यावर घडी घातलेला एक टॉवेल होता. गर्दी ओसरली.

"तुमचं काय?" पाववाल्याने विचारलं.

रस्ताभर जुळवलेलं भाषण मिस्त्रीला आठवेना. "माझं चुकलं," तो म्हणाला.

"काय चुकलं? बटण की बोलणं?"

इतके दिवस मिस्त्री बटणालाच शिव्या घालत होता, हे समोरच्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं, पण उत्तर द्यायला लागलेल्या वेळेने सांगितलं.

पाववाला फळीवरचा चुरा हाताने एका बाजूला लोटू लागला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, पोरगी गेल्यापासून मला एकदाच रडू आलं. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, मोकळं वाटलं का. काय सांगू तिला? ते माझं होतं की तुम्ही काढलेलं होतं? मी त्या दिवसानंतर पुन्हा करून बघितलं, एकटा बसून. येत नाही.

मिस्त्रीला मान वर करता येईना. त्याला दिसत होते ते फक्त फळीवरचे हात, नखांत अडकलेलं पीठ.

"पाव किती देऊ?" पाववाला म्हणाला. त्याने बांधून पुढे ठेवला. आणि मिस्त्री पायरी उतरत असताना मागून म्हणाला, "रविवारी येतोय मी. या खेपेला बघायला येतोय."

त्या रविवारी छोटा माइक, बटण आणि चारही इअरफोन घरी कपाटात राहिले. मेहुणा काकुळतीला आला, की दाजी, आता आम्हाला कळणार कसं कुठे थांबायचं. त्याची बहीण म्हणाली, माझ्याकडे बघा, मी थांबले की थांबा. सभागृह अर्धं भरलं होतं. गाणी ओबडधोबड झाली. एकदा शिंपी पुढे निघून गेला, एकदा ड्रम मागे राहिला, आणि एक गाणं तर दोन ठिकाणी संपलं. लोकांनी समजून घेतलं, किंवा तसं दाखवलं.

पाववाला पहिल्या रांगेत बसला होता, बरोबर कीबोर्डसमोर. डोळे कोरडे. तो गात नव्हता.

तिसरं गाणं सुरू झालं. बायकोने आवाज खाली आणला. खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्या बाईने चष्मा काढला आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं. मिस्त्रीने ते पाहिलं, आणि विचार यायच्या आत त्याचा उजवा पाय पुढे सरकून खाली दाबला गेला. खाली काहीच नव्हतं, फरशी होती. ओठही हलले होते बहुतेक. कुणालाच काही ऐकू गेलं नाही.

त्याने मान वर केली. पाववाला त्याच्या पायाकडे बघत होता.

मिस्त्रीने पाय हळूच मागे घेतला आणि स्टुलाच्या दांडीमागे अडकवला. बोटं वाजवत राहिली, कान तापले होते. बायकोने ती ओळ संपवली, एक श्वास घेतला, आणि तीच ओळ पुन्हा न घेता पुढच्या कडव्यावर गेली. पाववाल्याची नजर दांडीमागच्या पायावरून हलली नाही, गाणं संपेपर्यंत.