ब्रेकबाईंच्या गोळ्या

आमच्या भागात गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्मे लोक ब्रेकबाईंच्या हाताखालून गेलेत. खरं तर पायाखालून म्हणायला हवं. त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला होता आणि त्यावर त्यांचा पाय कायम तयार असायचा. त्यावरून हे नाव पडलं. अर्थात ते पाठीमागे. समोर सगळे त्यांना 'बाई'च म्हणत.

मी शिकायला गेले तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. चौकात माझं औषधांचं दुकान आहे. नवरा होता तोवर गाडी तोच चालवायचा. तो गेल्यावर ती आवरण घालून वर्षभर तशीच उभी राहिली. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, विक तरी, नाहीतर शिक तरी." विकवेना, म्हणून शिकायला गेले.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बाहेर तुम्ही कितीही मोठ्या असाल, स्टिअरिंगसमोर बसलात की मी अगं-तुगं करणार. घाईच्या वेळी 'आपण जरा ब्रेक दाबता का' म्हणत बसले, तर तोवर आपण भिंतीत असू." मग क्लच समजावला. "क्लच म्हणजे शेजारणीशी असलेली मैत्री. सोडायचीच असेल तर हळूहळू सोडायची. एकदम तोडलीस की झटका बसतो."

मी खूप हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लचचं तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, तेव्हाही हसले. वाटलं, शिकवायची पद्धत असेल. पण पुढच्या आठवड्यात एकाच तासात ते दोनदा आलं. दुसऱ्या खेपेला माझ्या हसण्यात काहीतरी कमी पडलं असावं. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"हे सांगितलंय का मी आधी?"

"सांगितलंय, पण मजा येते."

त्या तास संपेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही गोल चौकात होतो. बाई म्हणाल्या, "डावीकडे घे," आणि हात मात्र उजवीकडे दाखवला. मी गोंधळले. अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी गाडी घातली, तेवढ्यात पुढून एक सायकलवाला आला. बाईंचा ब्रेक लागेल म्हणून मी वाट पाहिली. तो लागला नाही. मग मीच जीव खाऊन पाय दाबला, गाडी आचका देऊन बंद पडली. सायकलवाला दोन शब्द बोलला आणि निघून गेला. मागून भोंगे वाजत होते. मी खाली पाहिलं, तर बाईंचा पाय ब्रेकवर नव्हताच, सीटखाली ओढून घेतलेला होता.

"कडेला घे," त्या हळूच म्हणाल्या.

गाडी कडेला लागल्यावर त्यांनी पुढचा कप्पा उघडला. आतून बाटल्या घरंगळल्या, एक माझ्या पायाशी येऊन पडली. मी उचलली. मला ती ओळखायला वेळ लागला नाही, माझ्या दुकानात त्यांची एक अख्खी फळी आहे. एकीवर दिव्यासारखा उजळलेला मेंदू, एकीत माशाच्या तेलाच्या सोनेरी गोळ्या, एकीत गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. शिवाय कसलीशी भुकटी. बाईंनी एक गोळी काढली आणि पाण्याशिवायच गिळली.

"बाई, हे सगळं तुम्ही घेता?"

"एकदम नाही गं. काही सकाळी, काही जेवल्यावर. आणि ही, असं काही झालं की."

"ती काय डोकेदुखीची गोळी आहे, झालं की घ्यायला?"

"माहितीय मला. पण घेतली की काहीतरी केल्यासारखं वाटतं."

आणि मग, गाडीचं इंजिन बंद असताना, त्यांनी आईचं सांगितलं. आई शेवटी शेवटी त्यांना स्वतःची बहीण समजायची. चमचे उशीखाली लपवायची. पुढे तर घास तोंडात घेऊन तशीच बसायची, गिळायचा असतो हेच विसरायची. बाई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघींनी पाळीपाळीनं तिचं सगळं केलं. तेव्हापासून दोघींनाही एकच भीती होती. एखादं नाव आठवलं नाही, की बाई धाकटीला फोन करायच्या, आणि धाकटी कुठून तरी नवी बाटली मागवून पाठवायची.

"पहिल्या बाटलीनं पंधरा दिवस फार बरं वाटलं बघ. सगळ्यांची नावं पटापट यायची. मग परत ये रे माझ्या मागल्या. म्हणून दुसरी घेतली." त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली. "मरायला मी घाबरत नाही. पण घरच्या माणसाला 'तू कोण' म्हणून विचारायचं, त्याला घाबरते."

बाटली घेताना त्यांची बाही वर सरकली. कोपरापर्यंत निळेजांभळे डाग होते.

"हे कशानं झालं?"

"लागत असेल कुठेतरी. कळतही नाही."

"हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे का तुमची?"

"आहे की. ती डॉक्टरांनी दिलेली."

"आणि डॉक्टरांना या बाटल्या माहिती आहेत?"

"त्यांना कशाला सांगायचं? ही काय औषधं आहेत? झाडाचा पाला आणि माशाचं तेल."

मी म्हटलं, पाला असला तरी पोटात गेल्यावर तो आपलं काम करतोच. या पानांच्या अर्कानंही रक्त वाहतं राहतं, तेलाचीही त्याला थोडी साथ असते, आणि वर डॉक्टरांची गोळी. बाई ऐकत होत्या.

"पण तूच विकतेस ना हे?"

"विकते. लोक मागतात, मी देते. सोबत काय चालू आहे तेवढं विचारते. तुम्ही कधी माझ्याकडून घेतल्याच नाहीत."

"मग खरं सांग. यानं आठवण राहते?"

"शरीरात एखादी गोष्ट कमी पडत असेल, तर ती भरून काढली की फरक पडतो. कमी पडतच नसेल, तर मला तरी खात्री देता येणार नाही. दुकानदारानं असं बोलू नये, पण आहे ते असं आहे."

त्या जराशा हसल्या. मी सवयीनं पुढचा प्रश्न विचारला, दुकानात सगळ्यांनाच विचारते. "याशिवाय आणखी काही घेता? रात्री वगैरे?"

"रात्री सर्दीची एक गोळी. ती तू औषधात धरू नकोस. झोपेसाठी घेते."

"कधीपासून?"

"आईच्या आजारपणापासून. ती रात्ररात्र जागायची. धाकटीची पाळी असली तरी मला झोप लागायची नाही, कान तिकडेच. कुणीतरी सांगितलं, ही घे, छान गुंगी येते. आई गेली, गोळी राहिली."

मी म्हटलं, "बाई, हे बहुतेक आजार रेड्याला आणि औषध पखालीला असं झालंय."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे मी काही डॉक्टर नाही. पण ही गुंगीची गोळी उतारवयात रोज घेतली, की तिचं धुकं दिवसाही डोक्यावर राहू शकतं. विसरायला होतं, पाय वेळेवर उचलत नाही. तुम्ही गोळ्यांवर गोळ्या वाढवत गेलात, आणि कमी करायची होती ती कदाचित हीच. सगळं पिशवीत भरा आणि डॉक्टरांकडे न्या. सर्दीची सुद्धा."

"आणि तसं नसेल तर? आईचंच निघालं तर?"

"तर तेही कळेल," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. मग सीट सरळ केली. "चल, घरापर्यंत तूच चालव. पाय मी ब्रेकवर ठेवते, पण माझ्या भरवशावर राहू नकोस."

बाईंचे यजमान गाड्या दुरुस्त करतात, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. ते अंगणात कुठल्याशा गाडीचं चाक काढून बसले होते. बाईंनी त्यांच्यापुढे बाटल्या मांडल्या आणि गोल चौकात काय झालं ते न लपवता सांगितलं. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. एकेक बाटली वाचल्यासारखी पाहिली, पण बहुतेक वाचत नसावेत.

"म्हणजे ते हातावरचे डाग यामुळे?" त्यांनी विचारलं.

"असं ही म्हणते."

"मला वाटलं, शिकाऊ पोरं गाडी आपटतात. म्हणून तुझ्या बाजूच्या दाराला मी आतून फोम चिकटवला. तुला कळलाच नाही तो?"

बाई उठून गाडीपाशी गेल्या. दाराच्या आतल्या बाजूला, कोपर टेकतं तिथे, राखाडी फोम नीट कापून बसवला होता. त्यावरून त्यांनी हात फिरवला. महिनाभर रोज त्या त्यालाच टेकून बसत होत्या. "कळला नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्त तपासलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काही शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. त्या वेळी बाईंना पाचातले दोनच आठवले. एक जीवनसत्त्व खरोखरच कमी निघालं, त्याची गोळी डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली. बाकीच्या बाटल्यांना निरोप द्यायला सांगितला. रात्रीची गोळी बेताबेतानं सोडायची, आणि ते होईपर्यंत शिकवणी बंद.

ते दिवस बाईंना जड गेले. झोप येईना, चिडचिड होई. मिस्त्री त्यांना रोज संध्याकाळी नदीपर्यंत चालायला नेत. माझे उरलेले तास मिस्त्रींनी घेतले. त्यांच्या शिकवण्यात शब्द कमी आणि सुस्कारे जास्त. गिअर खरडला, की एक सुस्कारा. मागे घेताना खांबाला गाडी घासली, तेव्हा लागोपाठ तीन.

धाकटी मात्र रागावली. ती आली त्या दिवशी मी बाईंच्या घरीच होते.

"म्हणजे मी तुला विष पाजत होते का?" ती म्हणाली.

"असं कोण म्हणालं?"

"मग मी काय करू? आईसारखं व्हायची वाट बघत हातावर हात ठेवून बसू? मी पण ह्याच गोळ्या घेते. मलाही परवा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवल्याचं आठवलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही." बोलता बोलता तिचा आवाज खाली आला.

बाईंनी तिला जवळ बसवलं. "मला सांगायचंस ना. मी तुला प्रत्येक वेळी फोन करत होते, आणि तू एकदाही केला नाहीस."

"दोघींनी घाबरून कसं चालेल? कुणीतरी धीराचं नको?"

मग दोघी आईबद्दल बोलायला लागल्या. उशीखाली एकदा चमच्यांबरोबर शेजाऱ्यांचा चष्माही सापडला होता, ते धाकटीनं सांगितलं आणि दोघी डोळे पुसत हसल्या. मी उठून चहा ठेवला. पुढच्या आठवड्यात धाकटीही डॉक्टरांकडे गेली. तिचं सगळं ठीक निघालं. तरी तिनं माशाचं तेल काही सोडलं नाही. डॉक्टरांना विचारलंय, म्हणाली, आणि तिच्या रक्ताला कसली गोळी चालू नाही, तेव्हा आता कुणी मध्ये बोलायचं नाही.

परवान्याच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले आणि दुसऱ्यांदा पास. तोवर बाईंची रात्रीची गोळी पूर्ण सुटली होती. हातावरचे डाग पिवळे पडून गेले. धुकं बरंचसं उतरलं, सगळं नाही. नावं अजून निसटतात. पण आता त्या सरळ विचारतात, "नाव सांग गं तुझं, माझ्या जिभेवरून सांडलं."

पुन्हा तपासणीला बोलावलं, तेव्हा त्या दोघांना मीच माझ्या गाडीतून नेलं. येताना बाई पुढे माझ्याशेजारी बसल्या, मिस्त्री मागे.

"चार आले," बाई म्हणाल्या. "पाचवा नाही आला. डॉक्टर म्हणाले, या वयाला हे चालतं. आता पुन्हा शिकवायला हरकत नाही, आधी मैदानात, मग रस्त्यावर. वर्षभरानं परत दाखवायचं."

"कुठला शब्द राहिला?" मिस्त्रींनी विचारलं.

"ते आठवलं असतं, तर पाच झाले नसते का? तुम्ही बसला होता ना तिथे."

"परीक्षा तुझी होती. मी कशाला ऐकतोय."

आम्ही तिघंही हसलो. मग बाईंनी कान टवकारले. "दुसऱ्या गिअरमध्ये कुठवर ओढणार आहेस? आवाज ऐक की गाडीचा."

मी क्लच हळूच दाबला आणि तिसरा टाकला.