शेगडीवरचा आळ

कॉलेजचा सर्व्हर मीच पाडत होतो. शेगडीने पाडला नाही, आणि शेगडीवर चहा करणाऱ्या काकांनी तर नाहीच. एवढं वाक्य मी वेळेवर बोललो असतो, तर एका माणसाचे कित्येक महिने उन्हात गेले नसते.

नव्वदच्या दशकाचा शेवट. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कम्प्युटर लॅब सांभाळत होतो. सर्व्हर म्हणजे एकच मोठं मशीन, त्याला तीस टर्मिनल जोडलेले. मुलांचे प्रोजेक्ट, सरांच्या प्रश्नपत्रिका, ऑफिसची पत्रं, सगळं त्याच्या एका डिस्कवर. मी नोकरीत नवा होतो आणि नको इतका प्रामाणिक. फायली जागच्या जागी आहेत का हे तपासून दुरुस्ती करणारी एक कमांड मशीनमध्ये होती. दात घासावेत तशी मी ती रोज द्यायचो, सकाळी अकराला.

अकराच का, तर त्या वेळी शेजारच्या खोलीतून आल्याचा वास यायचा. शिपाई काका इलेक्ट्रिक शेगडीवर सगळ्या डिपार्टमेंटचा चहा टाकायचे. चहा येईपर्यंत तपासणी उरकायची, असा माझा शिरस्ता.

आणि आठवड्यातून दोन-तीनदा, चहा यायच्या आत मशीन कोसळायचं. पुन्हा चालू केलं की कित्येक फायलींची नावं गेलेली असायची, नुसते आकडे उरायचे. कोणती कुणाची, हे एकेक उघडून ओळखायचं. काहींची तर सरमिसळ व्हायची. मेकॅनिकलच्या एका सरांच्या प्रश्नपत्रिकेत पंपाच्या प्रश्नाखाली कुणाच्या तरी घरच्या सत्यनारायणाचं आमंत्रण निघालं. "तीर्थप्रसादास सहकुटुंब यावे, गुण दहा," असं ते मला जिन्यात गाठून म्हणायचे.

मशीन जितकं कोसळे तितक्या निष्ठेने मी तपासणी करी. शेवटी मला कारण सापडलं. शेगडी लावली की ट्यूबलाइट क्षणभर मंद व्हायची! मी प्राचार्यांना अडीच पानी पत्र लिहिलं, आकृतीसह. आकृतीतली शेगडी फार सुबक आली होती.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"काय हो," ते काकांना म्हणाले, "एकलहऱ्याला एवढी वीज तयार होते, ती सगळी तुमच्या पातेल्याखाली जाते होय?"

काका चांदवडकडचे. शांतपणे म्हणाले, "साहेब, मी बारा वर्सं चहा करतोय. मशीन परवा आलंय. आधी शेगडी हाय."

मुद्दा बिनतोड होता. मला तो उद्धटपणा वाटला.

शेगडी जप्त झाली. काकांना मेमो मिळाला आणि फाटकावरची ड्युटी. रिटायर व्हायला त्यांना दीड वर्ष उरलं होतं, सर्व्हिस बुक कोरं करकरीत होतं. मेमोची घडी घालत त्यांनी मला विचारलं, "सर, ह्यो कागद आता शेवटपर्यंत माझ्यासंगं राहणार का हो?"

"नियम आहे, काका," मी म्हणालो. नियम कोणता, ते मलाही ठाऊक नव्हतं.

लगेच मी बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवस येवल्याला गेलो. ते दहा दिवस मशीन एकदाही पडलं नाही. परतल्यावर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, मात्र चहा कुणी दिला नाही, कारण चहाच बंद होता. दुसऱ्या दिवशी अकराला मी तपासणी लावली आणि मशीन कोसळलं. "म्हाताऱ्याने दुसरी शेगडी लपवली असेल," प्राचार्य म्हणाले. फाटकावरची केबिन तपासली गेली. आत डबा आणि छत्री निघाली.

मग मी मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावून अकराच्या तपासणीचं सांगितलं.

"तपासणी करताना लोकांना बाहेर काढता ना?" त्याने विचारलं.

"लॅबमधून?"

"मशीनमधून हो! तीस जण डिस्कवर लिहितायत आणि तुम्ही तीच डिस्क दुरुस्त करताय? साहेब, मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात चौकटीत छापलंय ते."

म्हणजे लिलाव रंगात असताना मी रोज मार्केटात शिरून भाजीचे ढीग नीट लावत होतो. गिऱ्हाइकांनी दुसऱ्याचाच माल घरी नेला यात नवल काय! पुस्तक कपाटात होतं. खराब होऊ नये म्हणून मी त्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. गेल्या खंडेनवमीला मशीनसमोर ठेवून त्याला हळदकुंकू मात्र वाहिलं होतं. ते कुंकू पुसून मी पुस्तक उघडलं. चौकट होती.

त्या दिवसापासून मी रोजची तपासणी बंद केली. मशीन सुरळीत चालू लागलं. मी कुणालाही काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत खंडेनवमी आली.

सकाळी फाटकावर काकांनी मला थांबवलं. हातात झेंडूची माळ, त्यांच्या शेतातली.

"सर, मशीनला घाला. गेल्या साली मीच घातली व्हती. औंदा मला आत यायला मनाई हाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "आता पडत नाय म्हणं मशीन. मीबी लय इचार केला. माझ्या शेगडीनंच पडत आसंल. तुमचा लय ताप झाला, सर."

ते माझीच माफी मागत होते.

मी माळ घेऊन थेट प्राचार्यांकडे गेलो आणि तिथंच बसून अर्धं पान लिहून दिलं.

"आकृती कुठंय?" त्यांनी विचारलं. मग वाचलं आणि मेमो रद्द केल्याचा कागद टाइप करायला लावला.

तो कागद घेऊन मी काकांना लॅबमध्ये आणलं. पूजेला सगळं डिपार्टमेंट जमलं होतं. आळ सगळ्या कॉलेजला कळला होता, तेव्हा हेही सगळ्यांसमोरच. मी डिस्कपासून सुरुवात केली.

"सर," काका म्हणाले, "थोडक्यात सांगा. फाटकावर कुणी नाय."

मी कागद त्यांच्या हातात दिला, माळही दिली. म्हणालो, "काका, मशीन मी पाडत होतो, माझ्या हातांनी. हे मला चार महिन्यांपूर्वी कळलं आणि मी गप्प बसलो. चूक नकळत झाली, गप्प मात्र मी रोज जाणूनबुजून बसलो. मला माफ करा."