विहिरीतला धोंडा आणि समुद्राचा तळ

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेचे देवराव गुरुजी यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या या गौरवग्रंथासाठी माझ्याकडेही चार शब्द मागितले. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. मी वाचायला शिकले ती घरीच, नंतर त्यांनी दिलेल्या पुस्तकांवर.

त्यांची पहिली ओळख झाली ती विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगाजवळ. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात शेतातली विहीर खणताना दरड कोसळून माझे यजमान गेले. पाणी लागलं नव्हतं. माझ्या भासऱ्यांनी, यजमानांच्या थोरल्या भावांनी, विहीर बुजवायचं ठरवलं, आणि नेमके तेव्हाच गुरुजी वर्गासाठी एक काळा धोंडा मागायला आले.

“साराच ढीग न्या, गुरुजी,” भासरे म्हणाले. “नाहीतर तिच्यातच लोटून राह्यलो आम्ही.”

“काहून बुजवता?”

“माणूस खाल्ला तिनं.”

गुरुजी माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला विचारलं, “बाई, तुमचं काय म्हणणं?”

तोवर मला कोणी विचारलं नव्हतं. “मले समजत नाही,” मी पदराआडून म्हटलं.

“मग समजेपर्यंत थांबा,” ते भासऱ्यांना म्हणाले. भासरे थांबले.

धोंड्याचं काय करतात ते पाहायला मी शाळेच्या कुडाशी उभी राहिले. गुरुजींनी तो काट्याला टांगून आधी हवेत तोलला, मग बादलीच्या पाण्यात बुडवून. चांदा बाजूचा एक फिकट दगडही तसाच तोलला. पाण्यात वजन जेवढं घटलं त्यावरून आकारमान काढलं; सारख्याच आकारमानात काळा जड भरला. “समुद्राचा तळ या काळ्या जातीचा, जमीन बहुतेक त्या फिकट जातीची,” ते म्हणाले. आम्ही समजत होतो, समुद्राखाली नुसती वाळू.

“गुरुजी, समुद्र पाह्यला का तुम्ही?” कोणीतरी टोमणा मारला.

“नाही बुवा. नागपूरपुढे गेलोच नाही.”

मग त्यांनी हौदात हलक्या सलईचा जाड ओंडका आणि जड सागाची पातळ फळी सोडली. ओंडका उंच तरंगला, फळी पाण्यालगत राहिली. तसाच जमिनीचा थर जाड आणि हलका, म्हणून उंच, असं त्यांनी सांगितलं. समुद्रतळाचा पातळ आणि जड, म्हणून सखल, आणि पाणी सखल जागी जातं. त्याखालचा थर आणखी जड, आणि पृथ्वीच्या अगदी पोटात लोखंडाचा गाभा, सर्वांत जड.

“मग आपल्या शेतात हा कसा?” मी विचारलं.

“खालून वितळून वर आला, बाई, अन् पसरला. निवाले लई काळ लागला.”

त्यानंतर मला विहिरीचं स्वप्न पडायचं. तळाशी काळोख नसे, निवत आलेला दगड असे, त्यावर संथ पाणी, आणि यजमान त्याच्या काठाशी बसलेले. त्यांची कुदळ जिथे थांबली, त्याच्याही खाली सारं भरलेलं होतं. ते पोकळीत गेले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात मी भासऱ्यांना म्हटलं, “खणा.”

भासऱ्यांनी खणली. त्या काळ्या दगडाच्या फटीतून पाणी आलं.

गुरुजी रस्त्यानं जाताना आजही थांबतात, आधी तांब्या मागतात, मग बोलतात. धोंडा त्यांच्या टेबलावरच आहे. त्यांची प्रकृती त्या धोंड्यासारखी टणक राहो, आणि आमच्या विहिरीचं पाणी त्यांनी अजून पुष्कळ उन्हाळे प्यावं. तांब्या मी भरून ठेवते.